एका मिलिओहमची किंमत

बोटीचा सेल्फ फिरला नाही की पहिला आळ बॅटरीवर येतो. बटण दाबल्यावर नुसतं ‘टक’ होतं, पुन्हा दाबलं की ‘टकटकटक’, केबिनमधला दिवा मंद होऊन परत उजळतो, आणि मेस्त्री निकाल देऊन मोकळा होतो: बॅटरी बसली. कोकणात हा निकाल ऐकायचा तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या मासेमारी बंदरावर जावं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत लाँच किनाऱ्यावर ओढून झाकलेली असते आणि बॅटऱ्या उतरवून घरी किंवा चार्जिंगच्या दुकानात गेलेल्या असतात. त्यांत डिस्टिल्ड वॉटर पडतं, त्या चार्ज होतात, त्यांची निगा राखली जाते. त्यांना जोडायच्या जाड केबल मात्र इंजिनाच्या खोलीत लोंबकळत राहतात, आणि पावसाळ्यातली खारी, दमट हवा त्यांच्या उघड्या टोकांवर आपलं काम करत राहते.

नवी बॅटरी आणली की इंजिन बहुतेक वेळा सुरू होतं, त्यामुळे निकाल बरोबरच होता असं सगळ्यांना वाटतं. यात एक गंमत आहे. बॅटरी बदलायची तर टर्मिनल सोडवावं लागतं, पॉलिश पेपरने घासावं लागतं, पाना लावून पुन्हा आवळावं लागतं. कित्येकदा खरी दुरुस्ती या घासण्या-आवळण्यानेच झालेली असते. नाव मात्र नव्या बॅटरीचं होतं आणि खर्च नाखव्याच्या माथी बसतो.

जाड केबलचे जोड बोटीवर इतके महत्त्वाचे का, याचं उत्तर १२ या आकड्यात आहे. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये कुठे एक व्होल्ट गळाला तर पंख्याला कळतही नाही. बोटीवर १२ पैकी एक व्होल्ट गेला तर बारावा हिस्सा गेला. शिवाय तेवढीच शक्ती २३० ऐवजी १२ व्होल्टवर पुरवायची तर करंट १९ पट लागतो. जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूलने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. म्हणजे तोच जोड, तीच शक्ती, पण उष्णता साडेतीनशे पटींहून जास्त. घरातल्या बोर्डात वर्षानुवर्षं निभावून जाणारा जोड बोटीवर पहिल्याच दिवशी का तापतो, ते या वर्गामुळे.

शाळेत ओहमच्या नियमाची गणितं सोडवताना रोध दोन ओहम, पाच ओहम असे असायचे. दोन ओहमचा रोध सेल्फच्या वाटेत बसवला तर १२ व्होल्टमधून जेमतेम ६ अँपिअर वाहतील. मध्यम डिझेल इंजिनाच्या सेल्फला अडीचशे अँपिअर लागतात. म्हणून इथला सगळा हिशेब मिलिओहममध्ये, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागात चालतो. १०० अँपिअर-तासाच्या धडधाकट लेड-ॲसिड बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध साधारण पाच मिलिओहम असतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे १७ मिलिओहम, त्यामुळे ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलचा मीटरमागे अर्धा मिलिओहम. मोटारीत लोखंडी सांगाडाच करंटची परतीची वाट असतो. लाकडी किंवा फायबरच्या बोटीला असा सांगाडा नाही, आणि लोखंडी बोटीत तो असूनही या कामाला वापरत नाहीत, कारण भरकटलेला करंट बोटीचा पत्राच खाऊन टाकतो. म्हणून जायला जेवढी केबल तेवढीच यायला. बॅटरीपासून सेल्फ तीन मीटरवर असेल तर केबल सहा मीटर धरायची, म्हणजे रोध तीन मिलिओहम. अडीचशे अँपिअरला यात पाऊण व्होल्ट जातो. हे चालण्यासारखं आहे.

आता यात एक खराब जोड घालू. एकच मिलिओहमचा. पाव व्होल्ट गेला आणि ६२ वॅट उष्णता तयार झाली. विजेच्या हिशेबात हा जोड म्हणजे दोन मीटर जादा केबल. पण दोन मीटर केबलमध्ये ती उष्णता पसरते आणि हाताला जाणवतही नाही; जोडात ती दोन पत्र्यांच्या मधल्या, केसाएवढ्याही नसलेल्या जागेत साठते. चार मिलिओहमचा जोड असेल तर व्होल्ट जातो पूर्ण एक आणि उष्णता अडीचशे वॅट, म्हणजे कारागिराच्या साध्या सोल्डरिंग आयर्नच्या कितीतरी पट. असे जोड वाटेत किती असतात, ते बोट ठेवून मोजत गेलं तर आश्चर्य वाटतं. बॅटरीचा शिशाचा खांब आणि त्यावरचं टर्मिनल, टर्मिनल आणि केबल, केबलच्या दुसऱ्या टोकाची थिंबल (बोल्टवर बसणारं भोकाचं धातूचं टोक), ती थिंबल आणि कट-ऑफ स्विचचा बोल्ट, स्विचच्या आतले संपर्क, स्विचचा दुसरा बोल्ट, पुन्हा थिंबल, पुन्हा केबल, सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचचा, बोल्ट, सोलेनॉइडच्या आतली तांब्याची चकती. एवढं झाल्यावर करंट सेल्फमध्ये पोचतो. मग सेल्फच्या बॉडीतून इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, ब्लॉकवरून निगेटिव्हच्या थिंबलीत आणि तसाच परत. डझनाच्या वर जोड सहज निघतात. प्रत्येकाने अर्धाच मिलिओहम खाल्ला तरी सगळे मिळून दीड-पावणेदोन व्होल्ट गिळतात, आणि एकही जोड डोळ्याला खराब दिसत नाही.

डिझेल इंजिनाला हे जास्त झोंबतं. त्यात ठिणगी नसते. हवा दाबून जी उष्णता तयार होते तिच्यावर डिझेल पेटतं. सेल्फ सावकाश फिरला तर ती उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत निघून जाते आणि दाबलेली हवाही रिंगांच्या कडेने निसटते. सेल्फ फिरतोय, धूर येतोय, पण इंजिन पेटत नाही. मग एअर काढली जाते, नोझल खोलली जातात, पंप तपासायला पाठवला जातो. रोग असतो बॅटरीच्या खांबावर. आणि ते ‘टकटकटक’ म्हणजे काय? सोलेनॉइडचा संपर्क जुळला की मोठा करंट ओढला जातो, खराब जोडात व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइडच्या कॉइलला तग धरता येत नाही, संपर्क सुटतो. करंट थांबला की व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि तोच खेळ नव्याने सुरू होतो. उतरलेली बॅटरीही अगदी असाच आवाज करते, म्हणूनच तिच्यावर आळ येतो.

दोन धातूंचे सपाट पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट बसलेले दिसतात तेव्हा ते खरोखर किती ठिकाणी टेकलेले असतात, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रॅग्नर होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने आयुष्यभर लावून धरला. विद्युत संपर्क या विषयावरचा त्याचा ग्रंथ आजही पाया मानतात. त्याने दाखवलं ते असं. कितीही घासलेला पृष्ठभाग सूक्ष्म उंचवट्यांनी भरलेला असतो, आणि दोन पृष्ठभाग फक्त सगळ्यात उंच टोकांवर भेटतात. दाब वाढला की ती टोकं चेपतात आणि नवी टोकं टेकतात. प्रत्यक्ष टेकलेलं क्षेत्रफळ ठरतं ते दाबाच्या बळावर आणि धातूच्या कठीणपणावर. थिंबल केवढी रुंद आहे यावर नाही. ढोबळ हिशेब करून पाहा. आठ मिलिमीटरचा बोल्ट पान्याने नीट आवळला तर साधारण दहा हजार न्यूटन बळ मिळतं. तांब्याचा कठीणपणा धरला तर प्रत्यक्ष संपर्क येतो सुमारे दहा चौरस मिलिमीटर. थिंबलीचा दिसणारा पृष्ठभाग असतो तीनशेच्या आसपास. तोच नट नुसता बोटांनी पिळला आणि बळ पाचशे न्यूटनच मिळालं, तर संपर्क उरतो अर्धा चौरस मिलिमीटर. ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलमधून मोकळेपणाने आलेला करंट मग त्या चिमुकल्या टोकांवर दाटतो, लोकलमधून उतरलेली सगळी गर्दी दादरच्या पुलाच्या एकाच जिन्यावर दाटावी तसा. जोडाचा रोध बहुतांशी या दाटीचा असतो. महागडी, रुंद, चकचकीत थिंबल सैल नटाखाली ठेवण्याने काहीही साधत नाही, हा माझ्या मते या सगळ्या भौतिकशास्त्राचा सर्वात उपयोगी निष्कर्ष आहे.

ती टोकं स्वच्छ राहिली तरच एवढं तरी मिळतं. तांब्यावर आधी तांबूस आणि मग काळा ऑक्साइड चढतो. समुद्राच्या हवेतल्या क्लोराइडने तो हिरवा पडतो. लेड-ॲसिड बॅटरीच्या खांबावर आम्लाची वाफ बसून पांढरं लेड सल्फेट जमतं, आणि तांबं जवळ असेल तर निळसर हिरवी फुलं येतात. ती फुलं म्हणजे मोरचूद, कॉपर सल्फेट. यातला कुठलाच थर धातूसारखी वीज वाहून नेत नाही. जोड ओला असला तर बरंच, खाऱ्या पाण्यातून वीज जातेच की, असंही कुणी कुणी म्हणतं. समुद्राच्या पाण्यातून वीज जाते खरी, पण तांब्याची वाहकता त्याच्या एक कोटी पटींहून जास्त आहे. पाणी जोडाला मदत करत नाही, त्याला आतून खातं. तांब्याच्या बारीक तारांच्या केबलमध्ये तर ते केशाकर्षणाने वर चढतं. तळाच्या पाण्याला लागलेलं टोक कापून नवी थिंबल मारायला घ्यावी, तर रबर सोलल्यावर आत तारा काळ्या. आणखी वीतभर कापावं, तरी काळ्याच. अशा केबलला नवं टोक करण्यात अर्थ नसतो, ती बदलावी. बोटींसाठीच्या चांगल्या केबलमध्ये प्रत्येक तारेवर कथलाचा मुलामा असतो तो यासाठीच. कथलावरही ऑक्साइड बसतो, पण तो पातळ आणि ठिसूळ असतो. खालचं मऊ कथील दाबाखाली पसरलं की तो तडकतो आणि धातूला धातू भिडतो.

आपल्याकडे सर्रास वापरली जाते ती वेल्डिंगची केबल. ती लवचीक असते, स्वस्त असते, आणि टोकं नीट बंद केली तर वाईटही नाही. पण तांब्याच्या नावाखाली तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही विकली जाते. ती हातात हलकी लागते आणि तार खरवडली की आतून पांढरी निघते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि खाऱ्या ओलीत तांब्याशेजारी ठेवलं की कुरतडलं जाणारं तेच. बोटीवर तिला जागा देऊ नये.

वायसरची गोष्ट मला विशेष आवडते, कारण तिचं लोकप्रिय स्पष्टीकरण अर्धंच असतं. गंजू नये म्हणून स्टेनलेसचा वायसर वापरणं शहाणपणाचं वाटतं, आणि तो थिंबलीच्या वर, नटाखाली असेल तर आहेही. पण बोल्टवर आधी वायसर, मग थिंबल असा क्रम लागला की करंटला त्या वायसरमधून जावं लागतं. स्टेनलेसचा रोध तांब्याच्या चाळीसपट म्हणून जोड तापतो, असं सांगतात. मात्र दीड मिलिमीटर जाडीच्या चकतीचा रोध काढून पाहिला तर तो सात-आठ मायक्रोओहमच्या वर जात नाही. अडीचशे अँपिअरला दोन मिलिव्होल्ट. एवढ्याने काही तापत नाही. खरी अडचण होल्मच्या त्या टोकांवर आहे. करंट जिथे दाटतो तिथे एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला चाळीसपट रोधाचं स्टेनलेस आलं की दाटीचा रोध वीसेक पट होतो, आणि तांबं-तांबं अशा एका भेटीऐवजी तांबं-स्टेनलेस अशा दोन भेटी होतात. वर स्टेनलेसला न गंजू देणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर असतोच. म्हणून थिंबलीचं तोंड थेट बसबारच्या किंवा दुसऱ्या थिंबलीच्या तोंडाला लागलं पाहिजे. सर्वांत जास्त करंटची थिंबल सर्वांत खाली, वायसर आणि स्प्रिंग वायसर सगळ्यांच्या वर. बोल्टचं काम दाब देण्याचं; वीज त्यातून नेण्याची अपेक्षा ठेवू नये.

थिंबल केबलला कशी बसवायची, यावर बंदरावरचे वाद संपत नाहीत. जुन्या पिढीचा भरवसा सोल्डरवर. थिंबलीत कथील वितळवायचं, केबल बुडवायची, झालं. हातोडी-छिन्नीने ठोकलेली थिंबलही खूप दिसते. हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलने, केबलच्या मापाची डाय लावून दाबलेल्या थिंबलीचा मधून छेद घेतला तर आत सुट्या तारा दिसतच नाहीत. सगळ्या एकमेकींत चेपून भरीव तांबं झालेलं असतं. दाबताना पृष्ठभागावरचा ऑक्साइड फाटतो, धातूला धातू चिकटतो आणि हवेला आत शिरायला फट उरत नाही. अशा जोडाचा रोध काही दशक मायक्रोओहमच राहतो. सोल्डरची अडचण विजेची कमी आणि यंत्राची जास्त आहे. वितळलेलं कथील तारांमधून वर चढतं आणि केबलचा तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. इंजिनाच्या थरथरीने केबल हलते, आणि ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो नेमक्या त्या ठिकाणी तारा एकेक करून तुटतात. शिवाय नेहमीचं शिसे-कथील सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं. जोड दुसऱ्या कारणाने तापला तर थिंबल केबलला सोडून देऊ शकते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात केवळ सोल्डरच्या आधारावर केबल धरून ठेवायला मनाई आहे. बॅटरीच्या थिंबलीला त्यात एक सवलत ठेवली आहे, सोल्डर भरलेली लांबी केबलच्या व्यासाच्या किमान दीडपट असेल तर. मला ही सवलत समजण्यासारखी वाटते. नीट भरलेली सोल्डरची थिंबल ठोकलेल्या थिंबलीपेक्षा कधीही बरी, आणि दोन्हींपेक्षा योग्य डायने दाबलेली बरी. त्याच मानकात जाड केबलला हाताने पिळायचे विंग नट चालत नाहीत, आणि बॅटरीचे जोड नुसत्या स्प्रिंगच्या पकडीवर सोडता येत नाहीत. कारण वर आलंच आहे: बोटांचं पाचशे न्यूटन.

दाबून झाल्यावर आतून गोंद लावलेली हीट श्रिंक नळी चढवायची. ग्रीस किंवा व्हॅसलीन वीज वाहून नेत नाही, मग ते टर्मिनलला का लावतात, असा प्रश्न रास्त आहे. जोड घासून, आवळून झाला की वरून लावलेलं व्हॅसलीन हवा आणि खारं पाणी बाहेर ठेवतं. आवळण्याआधी पातळ हात फिरला असेल तरी टेकणाऱ्या टोकांमधून ते दाबाने पिळून निघतं. फुलं आलेलं टर्मिनल खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावं, फक्त ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. आणि शिशाचा खांब मऊ असतो, आवळलेल्या दाबाखाली हळूहळू सरकतो, म्हणून काही आठवड्यांनी पाना पुन्हा एकदा लावायचा. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाना इंजिनाला टेकला तर ठिणगी पडू नये म्हणून.

खराब जोड सांभाळून घेतला जातो आणि हळूहळू वाढत जातो. तापला की ऑक्साइड जाड होतो, तापून-निवून पकड सैल होते, रोध वाढतो आणि पुढच्या वेळी तो आणखी तापतो. यातून बड्याबड्यांचीही सुटका नाही. १९ सप्टेंबर २००८ ला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस झालेला लार्ज हॅड्रॉन कोलायडर बंद पडला तो दोन चुंबकांमधल्या अशाच एका जोडामुळे. करंट ८,७०० अँपिअर होता आणि जोडाचा रोध अंदाजे दोनशे नॅनोओहम, म्हणजे आपल्या एका मिलिओहमचा पाचहजारावा भाग. तो जोड अतिवाहक अवस्थेतून बाहेर पडला, ठिणगी उठली, हीलियमचं कवच फुटलं, टनावारी हीलियम बोगद्यात उधळलं आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला.

खराब जोड शोधायचा कसा? मल्टिमीटर हातात घेऊन बॅटरीवर आणि मग सेल्फच्या बोल्टवर व्होल्टेज बघायचं, ही नेहमीची पद्धत इथे सपशेल फसवते. मीटरचा स्वतःचा रोध साधारण दहा मेगाओहम, तो १२.७ व्होल्टमधून जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर ओढतो. वाटेत हजार ओहमचा सडका जोड असला तरी एवढ्याशा करंटला त्यात एक-सव्वा मिलिव्होल्टच जाईल आणि मीटर छातीठोकपणे १२.७ दाखवेल. केबलची एकच तार शिल्लक असली तरी तेच. मीटर ओहमवर लावून जोड मोजणंही फोल, कारण मीटरच्या लाल-काळ्या वायरींचाच रोध शंभर-दोनशे मिलिओहम असतो आणि आपण शोधतोय एक.

म्हणून करंट वाहत असताना, जोडाच्या दोन बाजूंना मीटर लावून, त्या जोडात किती व्होल्ट अडतात ते बघायचं. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर धरायचं. इंजिन पेटू नये म्हणून डिझेल बंदचा दांडा ओढून ठेवायचा. सेल्फ एका वेळी काही सेकंदच, मग विश्रांती. ज्या बोटींत एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असतं तिथे आणखी एक पथ्य आहे: इंजिन न पेटता पुष्कळ वेळ फिरवलं तर ते पाणी मफलरमध्ये साठून उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं, म्हणून समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह तेवढ्यापुरता बंद करावा आणि नंतर आठवणीने उघडावा. मीटरचं एक टोक शिशाच्या खांबावरच टेकवायचं, टर्मिनलवर नाही, दुसरं टर्मिनलवर. चांगल्या जोडात काही मिलिव्होल्ट दिसतात. शंभर-दीडशे दिसले की चोर सापडला. मग खांबापासून सोलेनॉइडच्या बोल्टपर्यंत सगळी पॉझिटिव्ह बाजू एकदम मोजायची. माझ्या मते ती अर्ध्या व्होल्टच्या आत बसली पाहिजे. निगेटिव्ह बाजूला इंजिनाच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत तसंच. ही बाजू लोक विसरतात. ब्लॉकवर रंगाच्या थरावरच थिंबल आवळलेली असते, आणि करंटला सरळ वाट मिळाली नाही की तो दुसरी शोधतो: गेजची बारीक निगेटिव्ह वायर, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचं लोखंडी वेटोळं. सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागते, अशी तक्रार ऐकली तर हसू नये. ती खरी असते.

हीच पद्धत चार्जिंगच्या वाटेलाही लागू पडते. अल्टरनेटर १४.४ व्होल्ट देतोय आणि ६० अँपिअर चालू असताना वाटेत पाच मिलिओहम असतील तर बॅटरीला १४.१ च मिळतात. करंट उतरत गेला की तूटही कमी होते, पण तोवर चार्जिंग रेंगाळलेलं असतं, आणि थोडा वेळ इंजिन चालवणाऱ्याची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धपोटी राहिलेल्या प्लेटवर सल्फेट कडक होतं. म्हणजे ज्या जोडामुळे बॅटरीवर खोटा आळ आला, तोच वर्षभरात तिला खरोखर मारतो.

बॅटऱ्या एकाहून जास्त असल्या की मिलिओहम आणखी एक खोडी काढतात. चार बॅटऱ्या समांतर जोडल्या आणि दोन्ही मोठ्या केबल पहिल्या बॅटरीवरूनच घेतल्या, असं दृश्य नेहमीचं आहे. प्रत्येक बॅटरीचा रोध उदाहरणादाखल २० मिलिओहम आणि मधल्या प्रत्येक दुव्याचा दीड मिलिओहम धरून गणित मांडलं तर १०० अँपिअरमधले सुमारे ३६ पहिली बॅटरी देते आणि चौथी जेमतेम १८. पहिली दुप्पट राबते आणि लवकर मरते. मग ‘एक बॅटरी खराब लागली’ म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. उपाय फुकटचा आहे: पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह शेवटच्या बॅटरीवरून घ्यायची. सगळ्यांच्या वाटेला जवळपास सारखेच दुवे येतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत हे जास्त जपावं लागतं, कारण तिचा अंतर्गत रोध फार कमी असतो आणि वाटणी जवळजवळ पूर्णपणे केबल-जोडच ठरवतात.

करंटच कमी करावा, हा सरळ विचार मोठ्या बोटींनी केव्हाच केला. ट्रकच्या इंजिनांवर चालणाऱ्या आपल्या ट्रॉलरमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २४ व्होल्ट असतात ते त्यातूनच. आता विजेवर चालणाऱ्या छोट्या बोटी ४८ व्होल्टकडे वळताहेत. शक्ती तीच, करंट चौथाई, त्याच जोडातली उष्णता सोळावा हिस्सा, आणि अंगाला धोका होण्याच्या मर्यादेच्या आत. पण होल्मच्याच विषयातला एक आकडा इथे आडवा येतो. तांब्याच्या दोन टोकांमध्ये विजेची कमान टिकून राहायला साधारण १३ व्होल्ट लागतात. १२ व्होल्टच्या बोटीवर सैल झालेला जोड तापतो, धूर काढतो, फार तर ठिणगी टाकतो, पण ती कमान सहसा धरून ठेवू शकत नाही. ४८ व्होल्टवर ती टिकते, आणि डीसीमध्ये घरच्या एसीसारखी दर सेकंदाला शंभरदा शून्यावर येऊन विझण्याची सोयही नसते. तिथे पाना लावायला विसरलेला नट केवळ सेल्फ रुसवणार नाही, तांबं वितळवील.